आत्याचा वायरलेस

आमच्या घरी टीव्ही नव्हता, फोन नव्हता, पंखा होता तो आजोबांच्या खोलीतून काकांच्या खोलीत आणि तिथून परत असा फिरत असायचा, पण वायरलेस मात्र तीन होते. नातवंडांना हे सांगितलं की ती एकमेकांकडे बघतात आणि आजीचं वय झालं असं ठरवून पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घालतात. पण होते खरे. काळ्या पत्र्याच्या अंगाचे, हातात धरल्यावर मनगट दुखेल इतके जड, वरून चकचकीत दांडी ओढून काढायची आणि बाजूचं बटण दाबून बोलायचं. कुठल्याशा धरणाच्या कामावरच्या ठेकेदाराने काम संपल्यावर ते रिसोडला भंगारात घातले होते आणि तिथून ते प्रल्हादमामाकडे आले. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. रिसोडच्या बाजारात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आजोळी गेले की घरापेक्षा त्या दुकानातच जास्त असायची. पोरीने स्क्रू ड्रायव्हर हातात धरावा यात मामाला काही वावगं वाटलं नाही, आणि पुढे मी वाशीमला दुरुस्तीचंच दुकान चालवून माझा संसार ओढला, त्याचं मूळ तिथलं. त्या वर्षी सुट्टी संपून निघताना मामाने ते तिन्ही सेट एका पिशवीत भरून माझ्या हातात दिले आणि यांचं काही होत असेल तर बघ म्हणाला. असली यंत्रं वापरायला परवाना लागतो हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्या गावीही नव्हतं. आज कोणी तसं करू नये, एवढं सांगून पुढे जाते.

आमचं गाव जऊळक्याच्या अलीकडे. वारा तिकडचा असला की स्टेशनातल्या गाडीची शिट्टी ओसरीवर ऐकू यायची आणि आई त्यावरून भाकरी थापायला घ्यायची. घरात आम्ही, काका-काकू, त्यांची मुलं, आजोबा, आणि रुखमाआत्या. आत्या बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा गेला आणि आजोबा तिला बैलगाडीत बसवून परत घेऊन आले, ती मग इथलीच झाली. उंच, हाडापेराची मजबूत, आवाज असा की अंगणातून हाक मारली तर नदीवरचं पोर घरी यायचं. तिच्या हातच्या फुनक्यांची आणि कढीची सर मला पुढे कुठल्याही लग्नातल्या पंगतीत सापडली नाही. तुरीची डाळ भिजवून ती पाट्यावर वाटायची, मुटके वळून वाफवायची, आणि कढीवर लसणाची फोडणी पडली की गल्लीतलं कुत्रंसुद्धा दारात येऊन बसायचं. मी तिची लाडकी होते. माझ्या वेण्या ती इतक्या घट्ट घालायची की डोळे वर ओढले जायचे, आणि मी ओरडले की पाठीत एक हलका धपाटा मिळायचा.

त्या पावसाळ्यात रानडुकरांनी सोयाबीनचा फार नास केला, म्हणून आत्या राखणीला वावरात जाऊन राहिली. गावापासून कोसभरावर, नाल्यापलीकडे आमचं वावर, आणि तिथे दोन खणांचा मातीचा कोठा. एका खणात बी-बियाणं, औजारं. दुसऱ्यात आत्याने चूल मांडली. सोबतीला एक म्हैस नेली. आठ-पंधरा दिवसांत परत येईल असं सगळे धरून चालले होते, पण आत्या काही परत येईना. कोठा शेणाने सारवला, दारापुढे झेंडू लावला, कुडाला दोडक्याचा वेल चढवला. बाबा बोलवायला गेले तेव्हा तिने त्यांना ताक प्यायला दिलं आणि मी आता इथंच राह्यतो म्हणून सांगून टाकलं. बाबा घरी आले ते तोंड पाडून. त्यांना तिच्या जिवाची काळजी होती ती वेगळीच, पण खरा काटा दुसरा होता. भावाने बहीण वावरात नेऊन टाकली, असं गाव म्हणणार. काकांनी समजावलं, आजोबांनी तर सरळ तिची बाजू घेतली, तेव्हा कुठे बाबांनी एक अट घातली. सकाळ-संध्याकाळ तिची खुशाली घरी कळली पाहिजे. ज्या दिवशी कळणार नाही त्या दिवशी गाडी जुंपून तिला घरी आणायचं, मग त्यावर चर्चा नाही. बाबांना वाटलं, रोज दोन वेळा कोण जाणार आणि कोण येणार, आपोआपच हा विषय मिटेल. त्यांच्या लक्षात हे आलं नाही की घरात तीन वायरलेस खाटेखाली पडलेले आहेत आणि त्यांना हात लावायला मी कारण शोधते आहे.

तिन्ही सेट दिसायला एकसारखे. पण पाठीमागच्या पट्टीवर जो नंबर होता, त्यात एकाच्या शेवटी एक अक्षर जास्तीचं होतं. मामा त्याला शेपटीवाला म्हणायचा आणि बाकीच्या दोघांना बिनशेपटीचे. मामाची शिकवण अशी की, बिघडलेलं यंत्र एकट्याने उघडायचं नाही. त्याच जातीचं दुसरं शेजारी उघडून ठेवायचं आणि नजर एकदा इकडे, एकदा तिकडे न्यायची. मी तिन्ही सेट खाटेवर आईच्या जुन्या लुगड्यावर उताणे मांडले. बिनशेपटीच्या दोघांत बोलायला आणि ऐकायला एकच कर्णा होता, बटण दाबलं की तो कान सोडून तोंड व्हायचा. शेपटीवाल्यात मात्र ऐकायचा कर्णा वेगळा, आकाराने मोठा, आणि बोलायला खाली सुपारीएवढी स्वतंत्र डबी. दोघा बिनशेपटीच्यांची बॅटरी मेलेली होती आणि तशी बॅटरी कुठेच मिळत नव्हती. शेपटीवाला साध्या टॉर्चच्या सेलवर चालायचा. तिघांच्या पोटात स्फटिकाच्या चपट्या डब्या होत्या, खाचेत बसवायच्या, त्यावरून सेट कुठल्या लहरीवर बोलेल ते ठरायचं. शेपटीवाल्यातल्या डब्या वेगळ्या निघाल्या, म्हणून तो बाकीच्यांशी बोलत नव्हता. मामाला निरोप धाडला, त्याने बसच्या कंडक्टरबरोबर पुडीत बांधून जुळणाऱ्या डब्या पाठवल्या, आणि मी त्या बसवल्या.

बिनशेपटीच्यांसाठी केलेली बॅटरी आठवून मला अजून हसू येतं. विहिरीवरच्या पंपाचा काळा पाईप उरला होता, त्याचा तुकडा कापला, आत टॉर्चचे सेल ओळीने घातले, दोन्ही तोंडांना डालड्याच्या डब्याच्या पत्र्याच्या चकत्या लावल्या आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळलं. सेट इतका लांबोडा दिसायला लागला की काकू त्याला बेलणं, म्हणजे लाटणं, म्हणायची. आवाज नाल्यापलीकडे जाईना, तेव्हा मला बुद्धी सुचली की एक सेल जास्त घालून बघावा. बघितला. बिनशेपटीच्या एका सेटातून जळका वास आला आणि त्याची वाचा गेली ती गेलीच. ऐकायला त्याला अजूनही येत होतं, पण बोलणं संपलं. मी तो परत खाटेखाली सरकवून दिला. मग काकांनी डोकं चालवलं आणि वावरातल्या निंबावर तांब्याची तार चढवली, तिचं टोक सेटच्या दांडीला बांधलं, तशीच एक तार घरी टिनावर ताणली, आणि खरखरीतून आत्याचा आवाज घरात आला. तिने पहिल्यांदा काय विचारलं असेल तर म्हशीची पेंड कधी पाठवता.

शेपटीवाला आत्याकडे, धड राहिलेला बिनशेपटीचा घरी दाराजवळच्या फळीवर, अशी व्यवस्था लागली. सकाळी चहा झाला की आणि संध्याकाळी दिवा लावायच्या आधी, अशा दोन वेळा आत्या बोलायची. एकजण बोलत असेल तेव्हा दुसऱ्याचा आवाज पोचत नाही, हे तिला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. ती बटण दाबून विचारायची आणि दाबूनच उत्तराची वाट बघायची. मग एकदा तिला ते कळलं, आणि कळल्यावर तिने त्याचा पुरेपूर फायदा घेतला. आमच्या घरात कोणी कोणाचं वाक्य पुरं होऊ देत नसे, आणि इथे असं यंत्र की अंगठा दाबून ठेवला की कोणाची मध्ये बोलायची टाप नाही. दोडका किती लागला, म्हैस काल कशी उधळली, जवसाच्या चटणीत काकूने मागच्या वेळी मीठ कमी टाकलं, सगळं एका दमात. काकू फळीसमोर कंबरेवर हात ठेवून ऐकत उभी, उत्तर द्यायला ओठ शिवशिवतायत, आणि आत्या बोलणं संपवून सेट बंद करून मोकळी. आई आणि मी तोंडाला पदर, ओढणी लावून हसायचो. बाबा मात्र त्या फळीकडे फिरकत नसत. ओसरीवर बसून सुतळी वळायचे, आणि आवाज आला की हात थांबायचा, संपला की पुन्हा चालू व्हायचा. सेटला त्यांनी कधी हात लावला नाही. बहिणीला काही सांगायचं झालं तर तिला सांग म्हणून आम्हाला सांगायचे. त्यांच्या मनातली अढी अजून सुटलेली नव्हती, एवढंच.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी चहा झाला आणि सेट बोलला नाही. दुसरा चहा झाला. मी कान लावून बसले, नुसती खरखर. आईने पुरण शिजायला टाकलं होतं ते तसंच ठेवून ती फळीपाशी आली. काका सायकलवर टांग टाकून निघाले. ते परत येईपर्यंतचा वेळ घरात सगळ्यांनी कसा काढला ते विचारू नका. बाबा दारातून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यावरून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होते. काका आले ते हसत. आत्या ठणठणीत होती. झालं होतं ते असं की, दसऱ्याला औजारं धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून पुजायची असतात. तिने पहाटे उठून विळे धुतले, कुदळ धुतली, डवऱ्याची लोखंडी पास घासली, कोयता घासला, आणि वायरलेस हे आपलं रोजच्या कामाचं, म्हणून तोही बादलीत बुडवून, नारळाच्या किशीने छान घासून धुतला. मग त्याला झेंडूची माळ घालून सगळ्यांच्या मध्ये मांडलं. तेव्हापासून त्याची बोलती बंद होती.

घरातले सगळे हसले. आजोबांना तर खोकल्याची उबळ येईपर्यंत हसू आलं. बाबा हसले नाहीत. त्यांचं तोंड सकाळच्या भीतीने अजून पांढरं होतं, आणि ती भीती आता रागात उतरली होती. ते म्हणाले, अट म्हणजे अट. आज यंत्र बिघडलं, उद्या ती पडली-झडली तर आपल्याला कळणार कसं. सीमोल्लंघनाला जायच्या आधी गाडी जुंपतो आणि तिला तिच्या गाठोड्यासकट घेऊन येतो, सणाचं माणसाने आपल्या घरात असावं. त्यात खोटं काही नव्हतं. मी फक्त एवढंच मागितलं की संध्याकाळच्या वेळेपर्यंत थांबा. संध्याकाळी तिचा आवाज आला नाही तर गाडी न्या. बाबांनी माझ्याकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं आणि मान हलवली. मी खाटेखालचा मुका सेट, स्क्रू ड्रायव्हर, नवे सेल, ट्यूबची पट्टी आणि आईने बांधून दिलेल्या पुरणपोळ्या घेऊन वावराकडे पळत सुटले.

आत्या दारातच बसली होती. तिचं गाठोडं बांधून झालेलं होतं. सकाळी काका येऊन गेले तेव्हाच आता गाडी येणार हे तिला समजलं होतं आणि ती रडत वगैरे नव्हती, नुसती म्हशीकडे बघत होती. मी सेट उघडला. आतून पाणी ओघळलं आणि त्याच्यामागून कुंकवाचा लाल थेंब. कोठ्यापुढे टिनाच्या एका तुकड्यावर मी त्याचं सगळं अंग उघडं करून वाळत घातलं, आणि ऊन कलेपर्यंत आम्ही दोघी त्याच्याजवळ बसून राहिलो. वाळल्यावर शेजारी मुका सेट उघडून ठेवला आणि मामाची रीत सुरू केली, नजर एकदा इकडे, एकदा तिकडे. शेपटीवाल्याचा ऐकायचा कर्णा कागदाचा, तो भिजून फुगून फाटला होता. मुक्याचा काढून इथे बसवावा तर तो लहान, त्याच्या तारा निराळ्या, आणि तारांना कथलाची झाळ द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. पण बोलायची डबी वाळून ठीक दिसत होती. मी दोन्हींत नवे सेल घालून ते चालू केले, शेपटीवाल्याचं बटण दाबून फुंकर मारली, आणि शेजारचा मुका सेट कानठळ्या बसतील अशी शिट्टी मारून उठला. म्हणजे आवाज जात होता. एक सेट बोलत होता आणि ऐकत नव्हता, दुसरा ऐकत होता आणि बोलत नव्हता. दोघांना पाठीला पाठ लावून मी सायकलच्या ट्यूबने एकत्र बांधलं आणि निंबावरची तार दोन्ही दांड्यांना गुंडाळली. फक्त दोन्ही एकदम चालू ठेवायचे नाहीत, नाहीतर शिट्टी घुमते. आत्याला सांगितलं, तू बोलत असेपर्यंत ऐकायचा मी बंद ठेवते, तुझं झालं की उघडते.

सूर्य बरडीच्या माळावर टेकला होता. नाल्याकडून गाडीच्या घुंगरांचा आवाज येतो का म्हणून मी कान देत होते. आत्याने ते जोडयंत्र दोन्ही हातांत धरलं, अंगठा बटणावर ठेवला. मला वाटलं, ती नेहमीसारखी दोडका आणि म्हैस सांगेल.

"नामा," ती म्हणाली. इतक्या महिन्यांत तिने यंत्रातून बाबांचं नाव घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. "तुहं बोलनं मले आता आयकू येत नाई, तं माहं पुरं होऊ दे. तुह्या घरात मले कोनी उनं नाई केलं. तुह्या बायकोनं मले वाढल्याबिगर आपलं ताट नाई घेतलं. पन नामा, मी चहा मांडला तं पह्यले इचारो, दूध किती घालू. खिडकी उघडाची तं इचारून उघडो. इचार म्हनून कोनी सांगतलं नाई, मीच इचारो. इथं मी कोनाले इचारत नाई. मनात आलं तं चूल पेटोतो, नाई आलं तं ताक पिऊन झोपतो. याच्याहून जास्त मले काई नाई पायजे. तुले लोकाईची लाज वाटत असन तं गाडी घेऊन ये, मी बसतो गाडीत, तुह्या नावाले बट्टा नाई लागू देनार. पन मले इचारशीन, तं मले इथंच राह्याचं हाये."

तिने अंगठा उचलला. मी तिच्याकडे बघूच शकले नाही. तिच्या कढीवर, तिच्या आवाजावर, तिच्या घट्ट वेण्यांवर मी वाढले, आणि आमच्या घरात खिडकी उघडताना ती विचारायची हे मी कधी पाहिलंच नव्हतं. आज मी त्या वेळच्या आत्यापेक्षा वयाने मोठी आहे. मुलाकडे राहायला गेले की गॅस पेटवण्याआधी सुनेला हाक मारते, आणि प्रत्येक वेळी मला ती संध्याकाळ आठवते. सून माझी गुणाची आहे, तिचा त्यात काही दोष नाही.

मी ऐकायच्या सेटची कळ फिरवली. खरखर. बराच वेळ नुसतीच खरखर. मला वाटलं, आवाज पोचलाच नाही, बाबा वाटेला लागले असतील. आत्याने गाठोडं जवळ ओढलं. मग खटकन आवाज झाला, कोणाचातरी श्वास ऐकू आला, बटण सुटलं, पुन्हा दाबलं गेलं. ज्याला ते यंत्र हाताळायची सवय नाही असं कोणीतरी तिकडे होतं.

"बाई," बाबांचा आवाज आला. "बैल सोडले मी. गाडी नाई आनत." आम्हाला उलट काही बोलता येणार नाही हे त्यांना कळत असावं, कारण ते घाई न करता एकेक शब्द बोलले. "आमी समदे येतो. सीमोल्लंघन झालं का येतो, सोनं द्याले. तुह्या घरी येतो."

आपट्याची पानं थोरल्यांच्या घरी जाऊन द्यायची असतात. आत्या त्यांच्याहून थोरली होती, पण आजवर ती एकाच छपराखाली राहायची, त्यामुळे तिच्याकडे जाण्याचा प्रसंगच आला नव्हता.

आत्याने दोन्ही सेट मांडीवर ठेवले आणि पदराने डोळे पुसले. ती रडली, चांगली हुंदके देऊन रडली, आणि मी तिला बिलगून बसले. मग ती एकदम उठली, गाठोडं सोडलं, त्यातलं पातेलं काढून चुलीवर ठेवलं आणि मला नेहमीच्या, नदीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "बसून काय राह्यली वं शोभे. आंगन झाडून घे, पाहुने येऊन राह्यले."

मी खराटा शोधायला उठले.